आई-बाबांना दाखवायला बर्मिंगहॅमजवळचा एखादा पडका किल्ला सुचवा

अवनी_बर्मिंगहॅम
नमस्कार मंडळी. आई-बाबा डिसेंबरात पुण्याहून येताहेत. बाबांची उमेदीची सगळी वर्षं सह्याद्रीत गेलीत, "तिथला एक तरी खरा किल्ला बघायचाच" असं फोनवरच बजावलंय. आईचे गुडघे दुखतात, सोबत सात वर्षांचा लेक, आणि आमच्याकडे गाडी नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं काही?

सुखदा
वॉरिक! मुलं खूश होतात.

कोव्हेंट्रीकर
वॉरिक छान आहे, पण तो पडका नाही. बाबांसाठी केनिलवर्थच. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनहून ट्रेनने कोव्हेंट्री, तिथे ट्रेन बदलली की पुढे केनिलवर्थ. हे स्टेशन २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालं, त्यामुळे जुन्या माहितीत सापडत नाही. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत आईंना टॅक्सीने न्या. किल्ला भुईकोट आहे, चढण अशी नाही. हिवाळ्यात बहुतेक शनिवार-रविवारच उघडा असतो, तेव्हा वेबसाइट बघूनच निघा. चारच्या सुमारास अंधारतं, म्हणून अकराच्या आत पोचा.

दुर्गवेडा
केनिलवर्थला शंभर टक्के अनुमोदन. जायच्या आधी बाबांना १२६६ चा वेढा सांगा. बंडखोर सरदार सायमन द माँफर्ट लढाईत पडल्यावर त्याच्या उरलेल्या माणसांनी राजा तिसऱ्या हेन्रीविरुद्ध हा किल्ला जूनपासून डिसेंबरपर्यंत झुंजवला. किल्ल्याभोवती बांध घालून अडवलेलं प्रचंड तळं होतं, त्यामुळे तटाखाली भुयार खणायची सोय नाही. राजाने चेस्टरहून होड्या आणवल्या, तरी जमलं नाही. शेवटी रसद संपली, रोगराई पसरली, तेव्हा डिसेंबरच्या मध्यावर किल्ला खाली केला. पश्चिमेकडून खाली जे कुरण दिसतं, तेच ते तळं.

मग मुख्य बुरुजापाशी न्या. उत्तरेची अख्खी भिंत नाही. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धानंतर १६४९-५० मध्ये पार्लमेंटने पुन्हा कुणी आसरा घेऊ नये म्हणून ती पाडली. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, त्यामागे हाच विचार. बाबांना वेगळं सांगावं लागणार नाही.

मीनल_लेमिंग्टन
किल्ल्यातली लेस्टर बिल्डिंग, म्हणजे राणीच्या मुक्कामासाठी बांधलेली इमारत, चुकवू नका. १५७५ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ इथे १९ दिवस राहिली होती. मजले कधीच कोसळलेत, पण शेकोट्या अजून भिंतीत अधांतरी आहेत. आता आत जिना आणि सज्जे बांधलेत, लेकाला वर न्या. आईंना खालूनही दिसतं. गवत ओलं असतं, बूट वॉटरप्रूफच हवेत. जुन्या तबेल्यात चहाची जागा आहे, तिथे ऊब मिळते.

अवनी_बर्मिंगहॅम
ठरलं, केनिलवर्थ! घरचा डबा चालेल का?

मीनल_लेमिंग्टन
आवारात बाकांवर बसून खुशाल खा, तबेल्यात मात्र नको. थर्मासमध्ये चहा घ्याच.