प्रतिसाद: तारेच्या आतलं व्हेक्टर पोटेन्शियल
प्रश्न असा: करंट वाहणाऱ्या सरळ, गोल तारेच्या आत व्हेक्टर पोटेन्शियल (जागेनुसार ज्याच्या बदलण्यातून चुंबकीय क्षेत्र मिळतं ती राशी) कसं काढायचं? त्यावर वर कोणी दिलेला ‘थेट करंट डेन्सिटीचं (एकक क्षेत्रफळातून जाणाऱ्या करंटचं) इंटिग्रल घ्या’ हा सल्ला तत्त्वतः ठीक, पण तार अनंत लांबीची धरली की ते इंटिग्रलच अनंतात जातं. त्यापेक्षा अँपिअरच्या नियमाने (बंद वाटेवरचं क्षेत्र आतून जाणाऱ्या करंटशी जोडणारा नियम) आधी चुंबकीय क्षेत्र काढा. करंट एकसारखा पसरलेला असेल तर आत ते अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतं. क्षेत्र म्हणजे पोटेन्शियल अंतराबरोबर किती वेगाने बदलतं ते, म्हणून तारेला समांतर असलेलं पोटेन्शियल अक्षावरच्या किमतीपासून अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतं. तारेबाहेर ते अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे उतरतं. पृष्ठभागावर दोन्ही जुळवा, झालं.

पोटेन्शियलमध्ये मिळवायच्या स्थिरांकावरून, म्हणजे ते शून्य कुठे धरायचं यावरून, इथे एवढा वाद कशाला? लॉगरिदममुळे अनंतावर शून्य धरता येत नाही, मग पृष्ठभागावर धरा; क्षेत्र तेच राहतं. आणि शेजारी तोच करंट उलट दिशेने नेणारी परतीची समांतर तार घेतली तर ही अडचणही जाते: दोन लॉगरिदम एकमेकांतून वजा होतात आणि दूरवर पोटेन्शियल आपोआप शून्याकडे जातं.