'लेडी व्हॉल्स'मधलं 'लेडी' ठेवायचं की काढायचं?

चौकस :
अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ 'लेडी व्हॉल्स' या नावाने ओळखला जातो. मुलांचे संघ नुसते 'व्हॉल्स', म्हणजे व्हॉलंटियर्स. जुन्या लढायांत या राज्यातून आपणहून लढायला गेलेल्यांवरून हे नाव आलंय. २०१४ च्या नोव्हेंबरात विद्यापीठाने जाहीर केलं की पुढच्या जुलैपासून मुलींच्या संघांच्या नावातलं 'लेडी' जाणार आणि सगळे फक्त व्हॉलंटियर्स होणार. अपवाद एकट्या बास्केटबॉलचा. यावर एवढा गदारोळ झाला की २०१७ मध्ये निर्णय फिरवावा लागला आणि सगळ्यांना 'लेडी' परत मिळालं.

माझ्या मते काढलं होतं तेच बरोबर होतं. उलट बास्केटबॉललाही सोडायला नको होतं. पॅट समिट १९७४ ते २०१२ अशी ३८ वर्षं या संघाच्या प्रशिक्षक होत्या. त्या काळात संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि एनसीएए या विद्यापीठीय क्रीडासंघटनेच्या स्पर्धेत १८ वेळा अंतिम चारांत जागा पटकावली. त्याच काळात त्याच विद्यापीठाच्या मुलांचा संघ एकदाही अंतिम चारांत नव्हता! तरी बिनविशेषणाचं नाव मुलांकडे आणि शेपूट मुलींच्या नावाला. मुलांना कोणी 'जंटलमेन व्हॉल्स' म्हणतं का?

रेवा :
पूर्णपणे असहमत.

चौकस, तुम्ही नावाकडे शब्दकोश उघडून बघताय. ते नाव कोणी कमावलं ते बघा. समिट आल्या तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवायच्या, खेळाडूंचे गणवेशही त्याच धुवायच्या. ते गणवेश तरी कसे आले होते, तर आदल्या वर्षी डोनट विकून! १९७४ च्या डिसेंबरातला पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८४-८३ असा एका गुणाने हरल्या. तिथून २०१२ पर्यंत १०९८ विजय. हे सगळं 'लेडी व्हॉल्स' याच पाटीखाली उभं राहिलं, आणि तुम्ही ती पाटी भेदभावाची खूण म्हणून काढायला निघालात. ज्यांच्या भल्यासाठी काढत होतात, त्यातल्याच कितीतरी माजी खेळाडू 'आमचं नाव परत द्या' म्हणत पुढे आल्या. त्यांना विचारायचं कोणी?

खडूसपंत :
'लेडी'च्या आधी या संघाला 'व्हॉलेट्स' म्हणायचे, हे दोघांनाही माहीत असेलच. व्हॉल्सच्या छोट्या छोट्या बाहुल्या! त्या मानाने 'लेडी' म्हणजे बढतीच म्हणायची.

लुइझियाना टेक विद्यापीठाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथली मुलं 'बुलडॉग्ज' आणि मुली 'लेडी टेकस्टर्स'. मुलींना 'लेडी बुलडॉग' म्हणायची छाती झाली नसावी. धागा चालू द्या, मी बसलोय चहा घेऊन.

चौकस :
@रेवा, समिट यांचं कर्तृत्व कोण नाकारतंय? माझा मुद्दा उलटा आहे. एवढं कर्तृत्व असूनही विशेषण चिकटून राहिलं.

आणि विशेषण कुठून येतं तेही बघा. टेनेसीच्या शाळांमध्ये मुली तेव्हा अर्ध्या मैदानाचं बास्केटबॉल खेळायच्या. दोन्ही बाजूंना सहा-सहा जणी. तिघी फक्त हल्ल्याच्या अर्ध्यात, तिघी फक्त बचावाच्या अर्ध्यात, मधली रेषा ओलांडायची नाही. बचावातल्या मुलीला शालेय कारकिर्दीत बास्केटवर एक फेक करायला मिळत नसे. का, तर पूर्ण मैदान धावणं मुलींना झेपणार नाही! महाविद्यालयांनी १९७१ मध्येच पाच जणींचा पूर्ण मैदानाचा खेळ घेतला, टेनेसीच्या शाळा मात्र १९७९ पर्यंत जुन्याच नियमाला धरून होत्या. समिट यांनी त्या नियमाला उघड विरोध केला. 'लेडी' हा मला त्याच मधल्या रेषेचा उरलेला तुकडा वाटतो.

मध्यरेषा :
माझ्या आयडीकडे बघून बोलायची वेळ आली वाटतं. :)

अर्ध्या मैदानाच्या खेळाला एवढं झोडू नका. नियम खुळचट होता, मान्य. बचावातल्या मुलीला पुढे विद्यापीठ संघात जागा मिळवणं किती अवघड जात असेल, हेही मान्य. पण छोट्या गावांत त्याच खेळाला लोक गर्दी करायचे. आयोवा राज्यात तो १९९३ पर्यंत टिकला. संस्थांनी लादून ठेवला म्हणून टिकला हे अर्धंच खरं, लोकांचं त्यावर प्रेमही होतं. मागे वळून सरसकट 'अन्याय' असा शिक्का मारला की त्या मुलींनी त्यात मिळवलेला आनंदही पुसला जातो. 'लेडी'चंही तसंच आहे. शब्दाचा उगम आणि शब्दाचं आयुष्य वेगळं असतं.

चौकस :
आनंद होता म्हणून नियम ठेवला का? बदललाच ना शेवटी!

अनुष्टुभ :
सगळे शब्दाभोवती फिरताय. पैसा आणि खुर्ची कोणाकडे होती ते कोणी बघत नाहीये.

टेनेसीत १९७० च्या दशकापासून मुलींच्या खेळांचा विभागच स्वतंत्र होता. वेगळी संचालक, वेगळा कारभार. जोन क्रोनन १९८३ पासून त्या विभागाच्या प्रमुख होत्या. बाकी विद्यापीठांत मुलींचे संघ मुलांच्या विभागाच्या एका कोपऱ्यात पडलेले असायचे, इथे त्यांचं स्वतःचं घर होतं. 'लेडी व्हॉल्स' हे त्या घराचं नाव. २०१२ मध्ये दोन्ही विभाग एक केले आणि प्रमुख झाले मुलांच्या विभागाचे प्रमुख. त्याच वर्षी समिटही पायउतार झाल्या. आदल्या वर्षीच त्यांना अल्झायमरचं निदान झालं होतं. दोन वर्षांनी नाव काढायची घोषणा.

क्रम बघा. आधी घर गेलं, मग दारावरची पाटी. त्या मुलींचा संताप 'लेडी' या चार वर्णांसाठी होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एकदा परत वाचावं. (चौकस, इथे तुमच्यावर नेम नाही. बरं, थोडा आहे.)

रेवा :
+१. मला हेच म्हणायचं होतं, मी डोनटमध्ये अडकले.

खडूसपंत :
'लेडी'त दोनच अक्षरं. हिशेब चुकला.

अनुष्टुभ :
ल, ए, ड, ई. वर्ण म्हटलंय पंत, अक्षरं नाही. चहा गार होतोय.

चौकस :
अनुष्टुभ, विलीनीकरणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो वजनदार आहे. पण त्यातून नाव ठेवावं असं निघत नाही. स्वतंत्र विभाग परत मागायला हवा होता, असं निघतं. २०१७ मध्ये नाव परत मिळालं, विभाग मिळाला का? पाटी परत देणं विद्यापीठाला स्वस्तात पडलं.

आणि 'बास्केटबॉल सोडून' या अपवादावर अजून कोणीच बोललेलं नाही. समिट यांच्या वारशाचा मान म्हणून ती सूट दिली असं सांगितलं गेलं. म्हणजे वारसा असेल तर 'लेडी' सन्मान, आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीसाठी तेच नाव कालबाह्य? दोन्ही एकदम खरं कसं असेल?

रेवा :
अपवाद मूर्खपणाचा होता, यावर आपलं एकमत. नाव द्यायचं तर सगळ्यांना.

मध्यरेषा :
बेलर विद्यापीठाने २०२१ मध्ये बास्केटबॉलसकट 'लेडी' काढलं, तिथे एवढा दंगा झाला नाही. कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुली तर मुलांसारख्याच 'हस्कीज', आणि २०२५ पर्यंत बारा विजेतेपदं. तेव्हा नावाने खेळ वाढतो किंवा खुंटतो असं काही नाही. टेनेसीतच का पेटलं, याचं उत्तर अनुष्टुभ यांनी दिलंय.

अवांतर: आपण तरी काय वेगळं करतो? 'खेळाडू' शब्द तो आणि ती दोघांनाही चालतो, पण संघ म्हटला की 'महिला' लावल्याशिवाय चैन पडत नाही.

चौकस :
अवांतर नाही हो, तोच तर धाग्याचा विषय आहे!

रेवा :
मग 'लेखिका' आणि 'कवयित्री'चं काय करायचं? मला स्वतःला लेखिका म्हणवून घ्यायला आवडतं, लेखक म्हटलं की दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं वाटतं. होल्ड्सक्लॉ, कॅचिंग्ज, पार्कर या समिट यांच्या खेळाडूंनी अंगावर वागवलेलं नाव मला तसंच त्यांचं वाटतं. २००६ च्या स्पर्धेत पार्करने एकाच सामन्यात दोनदा डंक मारला, म्हणजे उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबला. एनसीएएच्या मुलींच्या स्पर्धेतले ते पहिलेच. तेव्हा ती लेडी व्हॉलच होती.

चौकस :
आणि नुसती व्हॉल असती तर डंक खाली पडला असता?

अनुष्टुभ :
जाता जाता. या विद्यापीठात मुली पहिल्यांदा बास्केटबॉल खेळल्या १९०३ मध्ये. १९२६ मध्ये तो संघ बंद केला आणि मग कित्येक दशकं काहीच नाही. आठ विजेतेपदांच्या गोष्टीत त्या मुली कुठेच येत नाहीत. नावावर भांडणारे तुम्ही दोघंही समिट यांच्यापासूनच सुरुवात करताय.

खडूसपंत :
चहा संपला. १९०३ चा नवीन धागा काढा, मी दूध आणतो.