१८९७च्या प्लेगवर रॉक गाणं : कोरस अभिमानाचा हवा का?

खर्जातला
पुण्याच्या प्लेगवर मराठी रॉक गाणं करायचं तर पहिला मोह होणार चापेकरांच्या नावाने मुठी वळवायला लावणाऱ्या कोरसचा. माझं मत, तो टाळावा.

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यूएसए’चं काय झालं बघा. कडव्यांत व्हिएतनामहून परतलेला, कामासाठी वणवण करणारा माणूस आहे. तरी १९८४च्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीच्या सभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचे गोडवे गायले. दोष ऐकणाऱ्यांचा कमी, बांधणीचा जास्त. सिंथेसायझरची एकच विजयी सुरावट सुरुवातीपासून शेवटपर्यंत. स्नेअर ड्रमवर गेटेड रिव्हर्ब (मोठा घुमारा देऊन तो झटक्यात तोडणं), त्यामुळे प्रत्येक ठोका तोफेसारखा. कॉर्ड जेमतेम दोन. कडवं दुःखाचं आणि कोरस गर्वाचा, हा फरक चालीत कुठेच नाही. हेच गाणं त्याने १९८२च्या सुरुवातीला घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, गिटार घेऊन एकट्याने केलं होतं. १९९८मध्ये ते बाहेर आलं. ते ऐकून कुणी झेंडा काढणार नाही.

तिसरी घंटा
साफ असहमत. ते घरगुती रेकॉर्डिंग ऐकलेले किती आणि मोठं गाणं ऐकलेले किती? देश आपला म्हटल्याशिवाय त्याला जाब कसा विचारणार?

आणि सगळं खापर बांधणीवर कशाला? गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १८ ऑगस्ट १९६९ला सकाळी वुडस्टॉक महोत्सवात अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, त्यात शब्दच नव्हते. फीडबॅकची किंचाळी, व्हॅमी बार (गिटारवरची दांडी) दाबून तारा सैल करत काढलेले बॉम्बचे आवाज, शेवटाकडे लष्करी अंत्यविधीतली बिगुलाची धून. मूळ चाल ओळखू येत होती म्हणूनच तिची मोडतोड अंगावर आली. अभिमानाचा कोरस नसेल तर मोडायला उरतं काय?

खर्जातला
मोडणार असाल तर हरकत नाही. पण मग गोष्ट पुरी सांगा. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, इथवर सगळे गातात. त्याच रात्री त्यांच्याच गोळीने लेफ्टनंट आयर्स्टही मेला. पुढे चापेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना १८९९मध्ये मारलं, म्हणजे पुणेकरांनीच पुणेकरांना. हे तिसरं कडवं लिहायची तयारी आहे का? की गोरे सोल्जर घरात शिरले, सामान जाळलं, एवढ्यावरच थांबायचं? (तेही खरंच आहे म्हणा.)

मिक्सरवाला
तुम्ही कडव्यांवर भांडताय, पण मोकळ्या मैदानात कडवं पोचतच नाही. डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाडलेल्या आवाजाच्या) दोन गिटारी २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये भिंत उभी करतात. ‘त’, ‘ट’, ‘च’ कळतात ते बरेचसे तिथेच. कडव्यापुरती ती पट्टी गिटारींवर ३ ते ४ डेसिबल खाली घ्या आणि गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) निम्मा करा. ताशा तर कडव्यात नकोच, तो नेमका याच जागेत कडाडतो. ढोल चालेल, पण १०० हर्ट्झच्या आसपास बास गिटारशी भिडतो. दोघांपैकी एकाला तिथे कापा, नाहीतर नुसता गडगडाट. एका मात्रेत चार अक्षरं कोंबलीत तर यातलं काहीच कामाला येणार नाही. कोरसचं नंतर बघू.

तिसरी घंटा
हे पटलं. पण मैदानात अर्थ पोचवायची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. शाहीर पोवाड्याच्या दोन चौकांमध्ये (भागांमध्ये) ठेका धरून ठेवतो आणि बोलतो. यूटू बँडचा गायक बोनोही ‘संडे ब्लडी संडे’आधी हे बंडखोरांचं गाणं नाही असं सांगत असे. विषय ३० जानेवारी १९७२ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी केलेला गोळीबार आणि ड्रम कवायतीचे, म्हणजे गैरसमजाला पूर्ण वाव. १९८३च्या रेड रॉक्सच्या कार्यक्रमात हातात पांढरं निशाण होतं. कोरस ठेवा, आधी चार वाक्यं बोला.

खर्जातला
ती चार वाक्यं रीलमध्ये पहिली कापली जातात. उरतो २० सेकंदांचा कोरस. म्हणून टोचणारं जे असेल ते कोरसमध्येच हवं. झीलकऱ्यांनी (शाहिरामागे साथ धरणाऱ्यांनी) ‘जी जी’ न म्हणता शेवटच्या वेळी द्रविडांचं नाव घ्यावं.

मिक्सरवाला
तीनदा एक कोरस म्हणून घेतल्यावर चौथ्यांदा शब्द बदलले तर लोक जुनेच म्हणणार, आणि त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा. तिथे ड्रम बंद ठेवा आणि चालही बदला, तरच ते थांबतील.

तिसरी घंटा
आणि थांबल्यावर खालून ‘वन्स मोअर, जुनाच’ आलं तर?