संकलन, संग्रह की आणखी काही? (आणि मग ‘दोनदा काय झालं?’)

रिकामी ओसरी
एका लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलेय. विषय आहे सूझी अँड द बॅन्शीज या लंडनच्या बँडची १९८१ च्या डिसेंबरात आलेली ‘वन्स अपॉन अ टाइम : द सिंगल्स’. गॉथ म्हणून पुढे जे संगीत ओळखलं गेलं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या मंडळींपैकी ही. तोवरच्या तीन-साडेतीन वर्षांतली दहा गाणी एका तबकडीवर. मी बिनदिक्कत ‘संकलन’ लिहिलं. संपादकांनी त्याभोवती लाल गोल काढून समासात विचारलं, ‘म्हणजे एडिटर कोण?’ मग ‘संग्रह’ केलं. त्यावर म्हणाले, ‘मग बाकीच्या तबकड्या काय आहेत?’ तर मंडळी, कंपायलेशन अल्बमला मराठीत काय म्हणता? उद्या संध्याकाळपर्यंत हवंय.

मिरजमळा
संकलन म्हटलं की मला फक्त दूध दिसतं. वडील गावातल्या दूध संकलन केंद्रावर होते. पहाटे साडेपाचला किटल्यांची रांग, प्रत्येकाचं थोडं दूध बाटलीत काढून फॅट बघायची, वहीत आकडा टाकायचा, की गाईचं एका कॅनमध्ये आणि म्हशीचं दुसऱ्यात. त्यात निवड अशी नाहीच. नासलेलं तेवढं परत. त्यामुळे निवडून काढलेल्या दहा गाण्यांना संकलन म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

उंडगा
आणि सिनेमात बरोबर उलट. तिथे संकलक बसतो ते कापायला. डेअरीत ओततात, सिनेमात छाटतात, शब्द तोच. कमाल आहे राव. महापालिका कचऱ्याचंही संकलनच करते, ते वेगळं.

गणितबाई
मूळ अर्थ मिळवणे, बेरीज करणे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘संकलित’ म्हणजे बेरीज आणि ‘व्यवकलित’ म्हणजे वजाबाकी. तेव्हा डेअरीवाले बरोबर आणि सिनेमावाले खरं तर व्यवकलक! आमच्या शाळेत मात्र ‘संकलित मूल्यमापन’ म्हटलं की मुलांच्या आधी माझ्याच पोटात गोळा येतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

तबकडीवाले
आमच्या वेळी असले प्रश्न पडत नसत, कारण शब्द हातात होता : ‘भरलेली कॅसेट’. दादरला एका दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. मी चौकोनी वहीच्या कागदावर यादी करायचो, गाण्यापुढे मिनिटं लिहून. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस. बेरीज एकदा चुकली आणि शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात ‘खट्’ करून तुटलं. ते गाणं आजही रेडिओवर लागलं की त्या जागी मला खट् ऐकू येतं.

आता मूळ मुद्दा. ओसरीताई, संपादकांना सांगा की या तबकडीत नुसती निवड नाही. विलायतेत तेव्हा चांगलं गाणं सात इंची सुट्या तबकडीवर निघायचं आणि मोठ्या तबकडीत पुष्कळदा यायचंच नाही. ‘हाँगकाँग गार्डन’ हे यांचं पहिलं सिंगल, १९७८ च्या ऑगस्टमधलं, सातव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. ते त्यांच्या तिकडच्या पहिल्या अल्बमवर नव्हतं. १९८० चं ‘इस्रायल’ही तसंच. म्हणजे ही विखुरलेली गाणी या तबकडीत प्रथमच एका छपराखाली आली. आणि गंमत अशी की नावात ‘सिंगल्स’ असूनही त्यात ‘मिराज’ आहे, जे कधी सिंगल नव्हतंच. मृगजळ ते मृगजळच.

शुद्धमती
मराठी साहित्यात याला कधीपासूनचा शब्द आहे : स्फुट. स्फुट लेख, स्फुट कविता. सुट्या निघालेल्या गाण्यांचा संग्रह म्हणजे ‘स्फुटसंग्रह’. संपादकांच्या दोन्ही आक्षेपांना उत्तर मिळतं. पण मुळात ‘बँड’ आणि ‘अल्बम’ जसेच्या तसे का घेता? वाद्यवृंद आहे, गीतसंच आहे.

उंडगा
वाद्यवृंद म्हटलं की मला आकाशवाणी दिसते, पांढरे शर्ट आणि मेंडोलिन. ही मंडळी २० सप्टेंबर १९७६ ला लंडनच्या १०० क्लबात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा धड वाजवताही येत नव्हतं. एक ख्रिस्ती प्रार्थना धरून वीसेक मिनिटं वाट्टेल ते वाजवलं. ड्रमवर सिड व्हिशस. वृंद म्हणायला निदान सूर जुळायला हवेत की नाही?

शुद्धमती
बरं, बँडवर सोडा. ‘पोस्ट-पंक’चं, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या या संगीताचं, काय करणार? ‘पंकोत्तर’ का नको? साठोत्तरी साहित्य चालतं ना?

उंडगा
ताई, पंक म्हणजे चिखल. चिखलानंतर उगवतं त्याला पंकज म्हणतात. पोस्ट-पंक बँड = पंकज. माझ्या तीन वर्गमित्रांची नावं होती ती, एकही असलं काही ऐकत नव्हता.

शुद्धमती
थट्टा करायला अक्कल लागत नाही. शब्द वापरून वापरून रुळतात.

रिकामी ओसरी
भांडू नका हो. स्फुट आवडलं मला. पण आता दुसरीच पंचाईत. नावाचंही भाषांतर हवंय. ‘वन्स अपॉन अ टाइम’ला मी ‘आटपाट नगर होतं’ केलं आणि स्वतःवरच खूश झाले.

गणितबाई
सुंदर! श्रावणात आजी कहाणी सांगायची, ‘आटपाट नगर होतं, तिथं एक गरीब ब्राह्मण होता’. हे ‘आटपाट’ म्हणजे अष्टपेठ हं. आठ पेठांचं नगर. आजीनंच सांगितलंय.

मिरजमळा
आठ पेठा म्हणजे पुणेकर असणार आजी. आट म्हणजे अट्ट, संस्कृतात बुरूज. पाट म्हणजे पाण्याचा पाट. बुरूज आणि पाणी असलेलं गाव.

तबकडीवाले
काही नाही, अघळपघळसारखा नादाचा शब्द आहे. प्रत्येक शब्दाला बाप शोधायची खोड आहे आपल्याला.

आटपाट नगर देखणं आहे, मान्य. पण ताई, अडकाल. याच बँडनं १९९२ ला पुढची दहाएक वर्षं घेऊन दुसरी तबकडी काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘ट्वाइस अपॉन अ टाइम’. आता काय करणार? दोन आटपाट नगरं?

रिकामी ओसरी
अरे देवा. लेखाच्या शेवटच्या ओळीत आहे तीपण.

मिरजमळा
‘एकदा काय झालं’ आणि ‘दोनदा काय झालं’. घ्या.

उंडगा
हे भारी आहे!! बंद करा चर्चा.

शुद्धमती
बंद कशाला? ‘एकदा काय झालं’ हे शाळेच्या डब्याच्या वेळचं वाक्य आहे. सूझीचा आवाज ऐकलाय का? तिथे कहाणीचं गांभीर्यच हवं. आणि कहाणीचा शेवट आठवा : ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’. साठातून पाच! कंपायलेशनची याहून चांगली व्याख्या दाखवा. यावरून ‘पाचोत्तरी’ असा शब्द घडवता येईल.

उंडगा
पाचोत्तरी ही बसची वेळ वाटते.

मालवणी काजू
उशिरा आलो. बॅन्शीचं भाषांतर कुणी केलंच नाही की काय? की हडळ?

रिकामी ओसरी
तसंच ठेवलंय, पण तळटीप द्यायचीय. ‘आयर्लंडमधील हडळ’ लिहिलं आहे.

मालवणी काजू
नको गो बाय. हडळ झपाटते, झाडावरून उतरते, मागे लागते. बॅन्शी कुणाला धरत नाही. ठरावीक घराण्यात कुणी जाणार असलं की आधी रात्री आकांत करते, एवढंच तिचं काम. आयरिशमध्ये शब्दाचा अर्थही साधा आहे, टेकाडातली बाई. आमच्याकडे हे काम टिटवी करते. रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की आजी अंथरुणात उठून बसायची आणि बोटांवर गावातली आजारी माणसं मोजायची. कधी दोन, कधी तीन. मग परत आडवी. आम्ही पोरं मात्र जागीच.

उंडगा
सूझी आणि टिटव्या. हे पोस्टरवर छापा.

गणितबाई
टिटवी बिचारी स्वतःच्या पिल्लांसाठी ओरडते हो. जमिनीवर अंडी घालते, कुणी जवळ आलं की कालवा करते. उगाच बदनाम.

मालवणी काजू
बाई, माझ्या आजीला सांगा.

मिरजमळा
आमच्याकडे टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खाली घातली तर कमी, असं बघतात. मरणाबिरणाचं नाही ऐकलं. ते कुत्रं रडलं तर.

शुद्धमती
‘गॉथ’कडेही कुणी पाहिलेलं नाही. गॉथिक म्हणजे आपल्याला व्हीटी स्टेशन. गॉथ ही मूळ जर्मानिक टोळी, तिचं नाव इटलीतल्या लोकांनी मध्ययुगीन इमारतींना हिणवायला वापरलं, मग १७६४ नंतरच्या भयकथांना चिकटलं, मग या बँडना. सूझीबाईंना स्वतःला ते लेबल कधी रुचलं नाही. ‘भयरम्य’ कसं वाटतं?

तबकडीवाले
व्हीटीच्या घड्याळाखाली उभं राहून ‘भयरम्य’ म्हणून बघा. साडेसहाच्या कर्जत फास्टला मात्र शोभतो शब्द.

रिकामी ओसरी
मंडळी, लेख पाठवला. ‘स्फुटसंग्रह’ वाचून संपादक म्हणाले, वाचकाला कवितांचं पुस्तक वाटेल. तूर्त ‘अल्बम’च राहिलंय. ‘दोनदा काय झालं’ला हसले, पण ठेवलं नाही. हडळीची तळटीप तशीच गेली, सांगायचं राहून गेलं.

मालवणी काजू
अरेरे. पुढच्या अंकात दुरुस्ती द्या. आणि मिरजकर, उंचावर म्हणजे नेमकी कुठे घालते टिटवी अंडी? बांधावर?