मदत हवी आहे : साखळीचं चिलखत बाणापुढे कितपत टिकायचं?

राम राम मंडळी. आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, १८०३ ची लढाई झाली त्या अडगावजवळ. शाळेतल्या पोरांना साखळीच्या चिलखताचा, म्हणजे एकात एक गुंफलेल्या लोखंडी कड्यांच्या अंगरख्याचा, खरा उपयोग बाण मारून दाखवायचा आहे.

तलवारीचा वार साखळी अडवते, हे पटतं. पण खुपसायच्या हत्याराचं काय? कट्यारीचं टोक मुद्दाम जाड ठेवत, ते कडी फोडायलाच. गुर्जाचा (लोखंडी गदेचा) मार तर एकही कडी न तुटता हाड मोडतो, म्हणून आत कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा असायचा. माझ्या मते अर्धं काम त्या कापसाचंच, पण त्याबद्दल कोणी बोलतच नाही!

आमचे लोहारदादा तारेच्या कड्या नुसत्या वळवून द्यायला तयार आहेत. लढाईच्या चिलखतात मात्र कडीची टोकं बहुधा रिव्हेट ठोकून पक्की केलेली असत. नुसत्या वळवलेल्या कडीवर बाण मारला तर निकाल खोटाच येईल ना? तारेची जाडी किती घ्यावी? चिलखताच्या मागे अंगाच्या जागी सरकीचं पोतं ठेवावं की ओली माती? नागपूरच्या अजब बंगल्यात (तिथल्या संग्रहालयात) जुनं चिलखत जवळून बघायला मिळतं का?

कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर नक्की सांगा. बाण मारताना पोरं लांबच उभी राहतील.