मदत हवी आहे: पूर येणाऱ्या घरात मॉड्युलर किचन करावं का?

कोठीवाली:

मंडळी, लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

बडोद्याला कारेलीबागेत आमचं जुनं टेनामेंट आहे. खाली-वर मिळून स्वतंत्र घर, पण दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या. स्वयंपाकघर तळमजल्यावर, ११ फूट लांब आणि ८ फूट रुंद. एका टोकाला जेवणघराकडून यायचं दार, दुसऱ्या टोकाला मागचं दार आणि शेजारी खिडकी. मागच्या दाराबाहेर चोकडी, म्हणजे आपली मोरी. तिथे बाई बसून भांडी घासते.

आठ वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नाआधी घाईघाईत मॉड्युलर करून घेतलं. चकचकीत, वाइन रंगाचं. आल्यागेल्याने कौतुक केलं. मग २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी घरात आली. दोन दिवस गुडघ्याच्या वर पाणी. (हो, मगरींच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आमच्या गल्लीत आली नाही, पण दोन रात्री पोरगा जिन्यावर बॅटरी घेऊन बसला होता.) पाणी ओसरल्यावर खालच्या कपाटांचं दार उघडायला गेले तर बिजागरी स्क्रूंसकट हातात आली आणि मागे चमचाभर ओला भुसा गळला. आत प्लाय नव्हतंच, पार्टिकल बोर्ड होतं. बिलावर ठसठशीत लिहिलंय, ‘वॉटरप्रूफ’.

तेव्हापासून ओट्याखाली पडदे लावून चाललंय. आता मुलाची बारावी आटोपली, तर एकदाचं करून टाकू म्हणतोय.

घरात चौघं. सासूबाई ७६ वर्षांच्या, नवरा, मी आणि मुलगा. मी नऊला घर सोडते. सकाळी सहा ते साडेआठ ओट्याशी मी आणि सासूबाई दोघी असतो. पोळ्या त्यांच्या, भाजी-आमटी माझी, आणि ऐन गर्दीत नवरा चहा करायला मध्ये घुसतो. तीन डबे निघतात. रात्री खिचडी-कढी, फार तर भाकरी. पण गणपती, श्राद्ध, होळी आली की पुरण, आणि तेही दहा-पंधरा माणसांचं.

पहिला डिझायनर लॅपटॉप घेऊन आला. स्क्रीनवर आमचं स्वयंपाकघर गरागरा फिरवून दाखवलं. म्हणाला, मागचं दार बंद करा, तिथे उंच कपाट बसवू, यू आकार छान होईल. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, “मग भांडी काय खिडकीतून टाकायची?” त्याने हसून विषय बदलला. भांडी कोण घासतं, पोळ्या कोण करतं, कोणाची उंची किती, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही. २ लाख ९० हजारांचा आकडा मात्र लगेच दिला.

दुसरा आमचा ओळखीचा मिस्त्री. त्याला फोनवर मी म्हटलं, “ओटो मोटो करवो छे.” तो आला आणि थेट पुढच्या दाराच्या पायरीला टेप लावून बसला! गुजरातीत ओटलो म्हणजे दारापुढचा कट्टा, आपल्या ओट्याला ते प्लॅटफॉर्म म्हणतात. माझा जन्म इथला, तरी जीभ घसरते ती घसरतेच. तर त्याचा आकडा १ लाख ७५ हजार, सगळं प्लायमध्ये.

आता प्रश्न. पूर पुन्हा येणार नाही असं कोणीच सांगू शकत नाही, तर खालची कपाटं कशाची करावीत? प्लाय भिजलं तर टिकतं का? ओट्याची उंची कोणाच्या मापाने? आताचा ३५ इंच आहे. मी ५ फूट १ इंच, सासूबाई ४ फूट १०. पोळ्या लाटताना त्यांचे खांदे कानाला लागतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे गहू. आम्ही उन्हाळ्यात वर्षाचा लोकवन भरतो, एरंडेल चोळून, दहा मण (इथला मण २० किलोचा). पुरात कोठी कलंडली आणि तिसऱ्या दिवशी गव्हाला मोड आले होते. महिन्याला पिठाची पिशवी आणा हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरात देऊन झालाय.

समाकर:

ताई, आम्हीही तुमच्याच नदीचे. २०१९च्या ३१ जुलैला शिकलो, म्हणून २०२४ला रडलो नाही.

आमच्याकडे ओट्याखाली लाकूडच नाही. ग्रॅनाइटच्या उभ्या पट्ट्या, त्यावरच ओट्याची फरशी. खालचा तळही दगडाचा, जमिनीपासून ४ इंच वर. कडप्पा स्वस्त पडतो पण तेल पितो आणि कडेने पापुद्रे सुटतात. आम्ही ग्रॅनाइटची उरलेली तुकड्यातली फरशी घासाघीस करून घेतली. दारं ॲल्युमिनियमच्या चौकटीची. आत स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या, आणि त्या उचलून बाहेर काढता येतील अशाच घेतल्या. आजवा धरणाचं पाणी सोडल्याची बातमी आली की आम्ही तिघं मिळून भांड्यांसकट वर नेतो, अर्ध्या तासाचं काम. पाणी ओसरल्यावर पाइपने चिखल धुतला, दोन दिवस पंखा लावला, झालं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. आमच्याकडे पाणी पुढच्या दारातून नंतर आलं, आधी चोकडीच्या जाळीतून उसळलं. दारात वाळूची पोती रचत बसलो होतो आणि मागे भांडी तरंगत होती. चोकडीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. अंगणातून येणारं पाणी त्याने थांबणार नाही, पण गटाराचं उलटं येणार नाही. कपाटांच्या आधी हे करा.

सुतारपक्षी:

याच धंद्यात आहे, इंदूरला. समाकरांशी सहमत, पण दगडात एक मेख आहे. ट्रॉली ज्यावर सरकते ते चॅनल दगडाला थेट नीट धरत नाही. आतून प्लायची पट्टी लावून त्यावर चॅनल मारावं लागतं. ती पट्टी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या) प्लायची, कापलेल्या कडा सील केलेल्या. भिजली तर शंभर-दोनशे रुपयांत बदलता येते. आधीच सांगून ठेवा, नाहीतर मिस्त्री हाती लागेल तो तुकडा ठोकेल.

प्लायबद्दल. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बिलावर कोणीही लिहितं. शीटवर आयएस ७१० छापलंय का बघा. त्या मानकात प्लायचा नमुना ७२ तास उकळून तपासतात. आयएस ३०३ त्याच्या खालचं, कोरड्या खोलीत ठीक. पण ७१० असलं तरी दोन दिवस गटाराच्या पाण्यात उभं ठेवायला ते नाही. थर सुटले नाहीत तरी सनमायकाच्या सांध्यातून आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरतं, आणि बंद खोक्यात ते सुकत नाही. हल्ली एचडीएचएमआर (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला घट्ट बोर्ड) खपवतात. ओलाव्याला बरं आहे, बुडवायला नाही. पीव्हीसी बोर्ड बुडालं तरी फुगत नाही, पण स्क्रू सैल होतात आणि दोन फुटांच्या वर फळी वाकते. कुकर ठेवायच्या जागी नको.

तेव्हा खाली दगड, वर प्लाय. वरची कपाटं पाण्याच्या वरच राहणार, तिथे पैसे वाचवा. खालच्या कपाटांना मागची फळी लावूच नका, भिंतीला टाइल पुरे. झुरळंही दिसतात.

तुमच्याकडे पाइपचा गॅस असणार. तो पाइप खोक्यात कोंडू देऊ नका, आणि व्हॉल्व्ह ट्रॉली न काढता हाताला लागला पाहिजे. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा जड, तो खाली साचतो. सिलिंडरच्या कपाटाला खाली जाळी असते ती बघून मिस्त्री इथेही तशीच करतील. तुम्हाला वर मोकळं हवं. शिवाय विजेचे पॉइंट! आरओचा आणि पुढेमागे डिशवॉशरचा पॉइंट ओट्याखाली काढतात. तुमच्या घरात चार फुटांखाली एकही नको.

ओट्यापाशी:

कोणी तरी येऊन ‘वर्किंग ट्रँगल’ सांगेलच, म्हणून मीच आधी सांगते की तो तुमच्या घरात चालणार नाही. शेगडी, सिंक, फ्रिज यांचा तो त्रिकोण एका माणसाच्या पावलांवर बेतलेला आहे. बांधीव, मापातलं स्वयंपाकघर ज्या नमुन्यावरून जगभर गेलं ते १९२६चं फ्रँकफर्टचं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगार वसाहतींसाठी आखलेलं. साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट, म्हणजे जवळपास तुमच्याएवढंच! पण त्यात एकच बाई एकटी काम करणार हे गृहीत होतं. तुमच्याकडे सकाळी अडीच माणसं आहेत. (अर्धं माणूस चहावालं.) तुम्हाला त्यातलं आवडेल असं एक सांगते. पिठाचे खण कीड लागू नये म्हणून ओक लाकडाचे केले होते. तुमचं एरंडेल, त्यांचं ओक.

माझं म्हणणं, समोरासमोर दोन ओटे करा. लांब भिंतींना दोन-दोन फुटांचे, मध्ये चार फूट वाट राहते. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या तरी धक्का नाही, आणि दोन्ही दारं जागच्या जागी. शेगडी मागच्या भिंतीकडे, म्हणजे चिमणीचा पाइप एका वळणात बाहेर. बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या, तिथून कुठे काढणार? फ्रिज आणि चहा-साखर जेवणघराच्या दाराशी, जमल्यास तिथेच एक छोटी इंडक्शन. यजमान आत येणारच नाहीत.

दोन ओटे झाले की उंचीचं भांडणही मिटतं. शेगडीचा तुमच्या मापाने, समोरचा लाटण्याचा सासूबाईंच्या. कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून माप घ्या, त्यातून चार-पाच इंच वजा करा. लाटायला आणि मळायला आणखी थोडा कमी, कारण तिथे वरून भार द्यावा लागतो. पोळपाटाचीही उंची धरा! सगळे विसरतात.

गोदाकाठ:

बाकी सगळं पटलं, पण ७६ वर्षांच्या बाईंनी उभ्यानेच का लाटावं? खाली एक सरकती फळी काढा २६-२८ इंचांवर, स्टूल घेऊन बसता येईल. माझ्या आईला केली होती.

गव्हाचं म्हणाल तर एक कोठी कशाला? ५० किलोंची चार पिंपं करा. तीन वरच्या मजल्यावर, एक खाली. संपलं की मुलगा एक भरून आणेल, बारावी झालीय ना.

कोठीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं त्या लॅपटॉपवाल्याने विचारलं असतं तर ऑर्डर देऊन बसले असते.

सुतारपक्षी, तुम्ही लिहिल्यावर जुना पडदा बाजूला करून पाहिलं. आमच्या गॅसचा व्हॉल्व्ह मसाल्याच्या ट्रॉलीच्या मागेच होता, आठ वर्षं. हात घालायला ट्रॉली पूर्ण काढावी लागायची. अंगावर काटा आला.

दोन समोरासमोर ओटे, खाली ग्रॅनाइट, मागचं दार कायम, हे घरात एकमताने पास. व्हॉल्व्हवाला प्लंबर शनिवारी येतोय. मिस्त्रीला दगडाचं सांगितलं तर तोंड वाकडं केलं, “बेन, ए तो जूनी फॅशन.” दर मात्र आता १ लाख ९५ हजार सांगतोय, फॅशन जुनी आणि भाव नवा.

पिंपांवर सासूबाई राजी नाहीत. कोठी त्यांच्या सासूबाईंची, पत्र्याची, झाकणावर नाव कोरलेलं. मुलाने तोडगा काढला की कोठी वर जिन्याच्या खोलीत न्यायची, रिकामी, आणि गहू वरच भरायचा. खाली २५ किलोंचा डबा. त्या म्हणाल्या, “बघू.” आमच्याकडे बघू म्हणजे साधारण होकार.

सरकत्या फळीचं विचारलं तर रागावल्या. “बसून लाटायला मी आजारी आहे का?” मग काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मुलाची बारावीची गाइडं रचली, वर पोळपाट, आणि त्यांना म्हटलं, आई, दोन पोळ्या लाटून दाखवा. आधी पुटपुटल्या, मग लाटल्या. एक गाइड काढलं, एक घातलं. खांदे खाली आले तिथे टेप लावला, पोळपाटासकट साडेतेहतीस इंच. पोळपाट अडीच इंचांचा, म्हणजे ओटा ३१. कणीक हातात होतीच, म्हणून त्यांनी पाच पोळ्या तिथेच लाटून टाकल्या. भौतिकशास्त्राच्या गाइडवर पीठ सांडलंय.

आता एवढंच सांगा: ग्रॅनाइटच्या उभ्या पट्ट्या किती जाडीच्या घ्याव्यात, १८ मिमी पुरेल का? आणि बडोद्यात दगडातलं काम मनापासून करणारा कारागीर कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

समाकर:

१८ पुरते, आमची तीच आहे. दर अडीच-तीन फुटांवर उभी पट्टी द्या, शेगडी आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना नक्की. कारागिराचा नंबर व्यनि केलाय. तो चहाशिवाय काम सुरू करत नाही, तेवढं सांभाळा.