बाबांच्या जीमेलमधला मेलचा ढीग कसा आवरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांचं जीमेल खातं जवळपास 12 वर्षांचं आहे. परवा त्यांच्या विम्याच्या हप्त्याची आठवण करून देणारी मेल कर्जाच्या आणि साड्यांच्या सेलच्या जाहिरातींखाली दबून गेली आणि तारीख चुकली. दंड फार नव्हता, पण बाबा दोन दिवस गप्प गप्प होते. ते मला फार लागलं.

फुकटची 15 जीबी जागाही भरत आलीय. त्यात फोटो आणि ड्राइव्हसुद्धा मोजतात, त्यामुळे ती पूर्ण भरली तर नवीन मेल येणंच बंद होईल.

ओळखीच्या दुकानांच्या मेल मी 'अनसबस्क्राइब' केल्या, म्हणजे मेलमधल्या लिंकवरून त्या यायच्या बंद केल्या. अनोळखी मेलमधल्या अशा लिंकला मात्र हात लावला नाही. तिथे क्लिक केलं की हा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. त्या सरळ स्पॅममध्ये टाकते. पण एका कंपनीच्या मेल रोज नव्या पत्त्यावरून येतात, 'ब्लॉक' करून उपयोग शून्य.

आता विचारायचंय ते असं: 'अनसबस्क्राइब' हा शब्द असलेल्या सगळ्या मेल आपोआप वेगळ्या लेबलखाली (म्हणजे वेगळ्या कप्प्यात) जातील असा फिल्टर लावला, तर बँकेच्या मेलही त्यात जातील का? त्या कशा वगळायच्या? की बँक, विमा आणि पेन्शनसाठी नवीनच पत्ता काढून द्यावा? बाबा फक्त मोबाइलवर मेल बघतात, त्यांना झेपेल असंच सांगा. कुणी आईवडिलांसाठी हे केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.